बदलते हवामान आणि वनांचे कार्य



हवामानातील बदल आणि वने ह्या विषयावर बोलायचे म्हटले, की बहुधा एकाच गोष्टीची चर्चा होते. झाडे हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेतात, त्यातील कार्बन आपल्या खोडात, मुळांत व मातीत साठवून ठेवतात आणि त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढण्याचा वेग काहीसा मंदावतो. हे खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. परंतु आज मी आपले लक्ष वनांच्या दुसऱ्या एका कार्याकडे वेधू इच्छितो. हवामान काही प्रमाणात बदलून चुकले आहे, आणि उद्या सर्व कारखान्यांची धुराडी थंड झाली तरी पुढील काही दशके त्या बदलाचे परिणाम आपल्याला सोसावे लागणारच आहेत. अशा बदललेल्या हवामानात माणसाला तग धरून राहण्यास वने कशी उपयोगी पडतात, हा तो विषय होय.

शास्त्रज्ञ पहिल्या कार्याला शमन म्हणतात व दुसऱ्याला अनुकूलन. ह्या दोहोंत एक मूलभूत भेद आहे आणि माझे आजचे सारे म्हणणे त्या भेदावरच आधारलेले आहे. शमनाचा लाभ सर्व जगाला सारखाच मिळतो. एक टन कार्बन ओडिशात साठविला काय किंवा ब्राझीलमध्ये साठविला काय, वातावरणाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. अनुकूलनाचा लाभ मात्र त्या त्या स्थळापुरता असतो. केंद्रापाड्याच्या किनाऱ्यावरील खारफुटी केंद्रापाड्यालाच वादळापासून आडोसा देते. ती तोडून तिच्या बदल्यात दूरच्या डोंगरावर तितकीच झाडे लावली, तर कार्बनचा हिशेब कदाचित जुळेल, पण किनाऱ्यावरचे गाव उघडे पडेल. म्हणून शमनाचा हिशेब टनांत व हेक्टरांत मांडता आला, तरी अनुकूलनाचा तसा मांडता येत नाही. तेथे हे वन कोणत्या जातीचे आहे, ते कोठे उभे आहे आणि त्याची राखण कोण करीत आहे, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात.

प्रथम आपल्या देशात बदल कोणता होत आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली ह्याविषयीचा एक विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ ह्या काळात भारतातील सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ ह्या काळात जून ते सप्टेंबरमधील एकूण पर्जन्यमान सुमारे सहा टक्क्यांनी घटले. परंतु त्याच सुमारास मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ ह्या काळात दरवर्षी सुमारे ३.३ मिलिमीटर इतक्या वेगाने चढत गेली. ह्या आकड्यांचा अर्थ सामान्य शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचा, तर पाऊस एकंदरीत कमी, पण येतो तेव्हा धो धो. दोन पावसांतील उघडीप लांबलेली. उन्हाळा अधिक कडक. आणि समुद्र दाराशी अधिक जवळ आलेला. पाणी सांभाळणारी, ओसरू देणारी आणि अडचणीच्या दिवसांत घराला आधार देणारी प्रत्येक व्यवस्था अशा वेळी मोलाची ठरते. वन ही अशीच एक व्यवस्था आहे.

दुर्दैवाने वनाकडे ह्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्या राज्यव्यवस्थेला फार उशिरा लागली. १८६४ साली डीट्रिख ब्रांडिस हे भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले, तेव्हा सरकारपुढे मुख्य प्रश्न होता तो रेल्वेच्या स्लिपरांसाठी व जहाजबांधणीसाठी लाकूड मिळविण्याचा. वने शेतीच्या उपयोगी पडली पाहिजेत, सरपण व चारा ह्यांसाठी ती राखली पाहिजेत, असे डॉ. व्होलकर ह्यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात आग्रहाने मांडले. परंतु प्रत्यक्ष कारभारावर वरचष्मा राहिला तो महसुलाचाच. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या वननीतीने देशाची एक तृतीयांश भूमी वनाच्छादित असावी असे उद्दिष्ट ठेवले, पण उद्योगांना कच्चा माल पुरविण्याची दृष्टी कायम राहिली. पर्यावरणाचा समतोल हे वनव्यवस्थापनाचे मुख्य प्रयोजन असून प्रत्यक्ष आर्थिक लाभ त्यापुढे दुय्यम होत, असे स्पष्ट शब्दांत म्हटले गेले ते १९८८ च्या वननीतीत. आज भीती अशी वाटते, की पूर्वी ज्याप्रमाणे वनाकडे केवळ लाकडाचे कोठार म्हणून पाहिले गेले, त्याचप्रमाणे आता त्याच्याकडे केवळ कार्बनचे कोठार म्हणून पाहिले जाईल. कोठारात ठेवलेली वस्तू बदलली, तरी पाहण्याची दृष्टी तीच राहिली, तर चुकाही त्याच होतील.

आता तीन निरनिराळ्या प्रदेशांतील अनुभव पाहू. पहिला प्रदेश समुद्रकिनाऱ्याचा.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ येऊन थडकले. पाच-सहा मीटर उंचीची समुद्राची लाट जमिनीवर चालून आली आणि सरकारी आकडेवारीनुसार सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. केंद्रापाडा जिल्ह्यात पूर्वी खारफुटीचा रुंद पट्टा होता. भातशेतीसाठी व वसाहतीसाठी त्याचा मोठा भाग तोडला गेला होता. भितरकनिकाच्या परिसरात मात्र तो बऱ्याच अंशी टिकून होता. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट ह्या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे ह्या जिल्ह्यातील चारशेहून अधिक गावांचा अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध केले. किनाऱ्यापासूनचे अंतर, जमिनीची उंची, लोकांची सांपत्तिक स्थिती इत्यादी गोष्टी लक्षात घेऊनही असे आढळले, की ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा उभा होता, त्या गावांत मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी होते.

ह्यामागील कारण समजण्यास कठीण नाही. खारफुटीची आधारमुळे व चिखलातून वर आलेली श्वसनमुळे ह्यांचे दाट जाळे पाण्याच्या लोंढ्याला पदोपदी अडवते, त्याचा जोर खच्ची करते आणि गाळ धरून ठेवते. गाळ साचून भूमी हळूहळू उंचावते. त्यामुळे समुद्राची पातळी वाढत असता हा तट काही मर्यादेपर्यंत आपोआप उंच होत जातो. दगडमातीच्या बंधाऱ्याला हे साधत नाही. भितरकनिकाच्या परिसरातील काही गावांची तुलना करणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात तर असे दिसून आले, की बंधारा आहे पण खारफुटी नाही अशा गावाची हानी सर्वांत अधिक झाली. बंधारा फुटून खारे पाणी आत शिरले आणि तोच बंधारा त्याच्या परतीच्या वाटेत आडवा आला.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. वनांच्या प्रेमापोटी आपण त्यांच्या अंगी नसलेले सामर्थ्य त्यांना चिकटवू नये. दास व व्हिन्सेंट ह्यांनीच नमूद केले आहे, की १९९९ साली खारफुटीने वाचविलेल्या प्राणांपेक्षा वादळाच्या पूर्वसूचनेने वाचविलेले प्राण अधिक होते. २०१३ च्या ऑक्टोबरात ‘फायलीन’ वादळ आले, तेव्हा ओडिशा सरकारने सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी हलविले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. तेव्हा वन हे पूर्वसूचनेच्या किंवा पक्क्या निवाऱ्याच्या जागी येणारे साधन नव्हे. ते त्यांच्या जोडीला उभे राहणारे साधन आहे. परंतु इशारा ऐकून माणूस आश्रयस्थानी गेला, तरी त्याचे शेत, गोठा, विहीर व नाव मागेच राहते. वादळ ओसरल्यावर तो ज्या भूमीकडे परततो, ती खारट होऊ न देण्याचे काम आणि पुढल्या हंगामात त्याच्या जाळ्यात कोळंबी व मासळी येत राहील हे पाहण्याचे काम खारफुटी करते. देशात खारफुटीचे क्षेत्र आता सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर इतकेच आहे. विस्तीर्ण देशाच्या मानाने ते नगण्य वाटेल. पण ते जेथे आहे तेथे त्याला पर्याय नाही.

दुसरा प्रदेश हिमालयाचा. तेथील समस्या आहे गोड्या पाण्याची.

हिमालयातील नद्या हिमनद्यांतून निघतात हे आपण शाळेत शिकतो. परंतु डोंगरउतारांवरील बहुसंख्य गावे हिमनदीचे पाणी पीत नाहीत. नदी त्यांच्या कितीतरी खाली दरीतून वाहत असते. ती गावे जगतात झऱ्यांवर. कुमाऊंमध्ये ह्या झऱ्यांवर बांधलेल्या दगडी कुंडांना ‘नौला’ म्हणतात, तर सिक्कीममध्ये झऱ्याला ‘धारा’ म्हणतात. हिमालयीन प्रदेशातील जवळजवळ निम्मे झरे आटत चालले असल्याचे नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात नमूद केले आहे. झरा आटण्याची कारणे अनेक आहेत. रस्त्यांसाठी व बोगद्यांसाठी डोंगर फोडले जातात, पाण्याची मागणी वाढते आणि पावसाची तऱ्हाही बदलते. थोडा थोडा पण पुष्कळ दिवस पडणारा पाऊस जमिनीत मुरतो. तितकेच पाणी दोन दिवसांत कोसळले तर ते उतारावरून माती घेऊन धावत सुटते. अशा वेळी पाण्याला थोपवून धरील आणि मुरवील असा भूपृष्ठ असणे निर्णायक ठरते.

असा भूपृष्ठ बांज ह्या ओक वृक्षाच्या मिश्र वनात तयार होतो. बांजाची पाने गळून कुजतात, त्यांचा जाड, स्पंजासारखा थर बनतो आणि पाऊस त्यात शिरतो. पानांचा पाला जनावरांना व शेताला उपयोगी पडतो, म्हणून पहाडी स्त्रियांना बांज प्रिय. चीड ह्या पाइन वृक्षाची गोष्ट वेगळी. त्याच्या सुया लवकर कुजत नाहीत. उन्हाळ्यात त्यांचा कोरडा गालिचा पसरतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. दरसाल आग लागत गेली, की मातीवरील थर बनू शकत नाही. ब्रिटिश अमदानीत राळ व स्लिपर ह्यांच्यासाठी चिडाला उत्तेजन मिळाले आणि आज उत्तराखंडातील मोठ्या क्षेत्रावर त्याचे प्राबल्य आहे. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही हिरवीच दिसतात. खालच्या नौल्यातील पाण्याला मात्र हा फरक कळतो.

वनाच्या जातीचे महत्त्व दाखविणारा आणखी एक अनुभव दक्षिणेकडील निलगिरी पर्वतावरचा आहे. उदगमंडलमजवळ ग्लेनमॉर्गन येथे मृद्‌संधारण संशोधकांनी शेजारशेजारचे दोन छोटे पाणलोट निवडले. एकात नैसर्गिक गवताळ भूमी राखली, दुसऱ्यात युकॅलिप्टसची लागवड केली आणि दोहोंतून वाहणाऱ्या पाण्याचे वर्षानुवर्षे मोजमाप ठेवले. पहिल्या दहा वर्षांत लागवडीच्या पाणलोटातून मिळणारे पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटले. तोडीनंतर फुटव्यांपासून वाढलेल्या दुसऱ्या पिढीच्या झाडांमुळे ही घट आणखी वाढली. त्या पर्वतावर मूळची व्यवस्था आहे ती दऱ्यांतील शोला वनांची व माथ्यांवरील गवताची. गवत म्हणजे ‘पडीक’ भूमी समजून तेथे झपाट्याने वाढणारी झाडे लावली, तर कार्बनच्या वहीत जमा होते आणि पाण्याच्या वहीत खर्च पडतो.

सिक्कीमने ह्याबाबत एक शहाणपणाचा मार्ग दाखविला. २००८ साली तेथे ‘धारा विकास’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. झऱ्याच्या तोंडाशी बांधकाम करीत बसण्याऐवजी, त्या झऱ्याला पाणी कोठून येते हे खडकांच्या रचनेवरून शोधून काढावयाचे, त्या वरच्या क्षेत्रात चर व तळी खोदावयाची, तेथील वन राखावयाचे आणि हे सारे काम ग्रामीण रोजगार हमीच्या निधीतून गावकऱ्यांकडूनच करवून घ्यावयाचे, अशी ती पद्धत. पहिल्या काही वर्षांतच सुमारे पन्नास झऱ्यांना पुन्हा पाणी आले. तेथे केवळ वृक्षारोपण केले असते तर हे साधले नसते. वनाचे स्थान आणि झऱ्याचे स्थान ह्यांचे नाते आधी ओळखले गेले, हे त्यातील मर्म होय.

तिसरा प्रदेश मध्य भारतातील पानझडी वनांचा. येथे वनाचे कार्य आहे ते अडीअडचणीच्या काळातील शिलकीसारखे.

भाताचे पीक एका पावसाच्या उघडिपीने जाऊ शकते. खोल मुळांचे जुने झाड एका अवर्षणाने मरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा शेतात काही नसते, तेव्हा मोहाची फुले पडतात. पाठोपाठ चारोळी व तेंदूपाने येतात. पावसाळ्याच्या आरंभी कंद व रानभाज्या मिळतात. झारखंडपासून गडचिरोलीपर्यंतच्या लक्षावधी कुटुंबांच्या वार्षिक जमाखर्चात ही जमा ठरलेली असते. पीक बुडालेल्या वर्षी तिच्यामुळेच सावकाराच्या दाराशी जाणे किंवा गाव सोडणे काही अंशी टळते. अवकाळी पाऊस व गारपीट ह्यांनी मोहाचेही नुकसान होते हे खरे; परंतु वनात एकच पीक नसते, अनेक जाती असतात, आणि एक चुकली तर दुसरी हात देते. हे वैविध्य हाच त्या प्रदेशाचा विमा आहे. मिश्र वन तोडून त्या जागी सागाची किंवा युकॅलिप्टसची एकसुरी लागवड केली, तर हा विमाच रद्द होतो; आणि तोही ज्याने कधी कारखाना पाहिला नाही, ज्याच्या घरातून धुराखेरीज कार्बन बाहेर पडला नाही, अशा माणसाचा.

येथे आपण माझ्या तिसऱ्या प्रश्नाशी येतो. वनाची राखण कोणी करावयाची? कुमाऊंमध्ये लोकांचे पिढीजात वनहक्क हिरावले गेले, तेव्हा १९२१ साली चिडाची राखीव वने पेटविली गेली. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि पुढे १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम झाले. उत्तराखंडात आज अकरा हजारांहून अधिक वन पंचायती आहेत. ज्याला वनातून काही मिळत नाही, तो आग विझविण्यास धावत नाही, हा त्या इतिहासाचा धडा. उन्हाळे अधिकाधिक कडक होत असताना तो विसरणे महागात पडेल. २०१६ च्या उन्हाळ्यात उत्तराखंडात चार हजार हेक्टरांहून अधिक वनभूमी होरपळली.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ह्या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाला असाच हक्क २०१२ साली मिळाला. त्या गावाने बांबूचे उत्पन्न घेतले, पण तेंदूपानांची तोड बंद केली. कारण पानांसाठी झाडे छाटली जातात व वनात आगी लावल्या जातात. हातचे उत्पन्न सोडून वन आगीपासून वाचविण्याचा निर्णय वरून आलेल्या कोणत्याही आदेशाने झालेला नव्हता. उद्याच्या अनिश्चित हवामानात अशा स्थानिक विवेकाची जितकी गरज पडेल, तितकी दुसऱ्या कशाची पडणार नाही.

मित्रहो, वन आपल्याला तग धरण्यास मदत करते, पण वनालाही स्वतः तग धरावा लागणार आहे. सुंदरबनात ज्या सुंदरी वृक्षाच्या नावाने ते वन ओळखले जाते, तो वाढत्या क्षारतेमुळे मागे हटत आहे. वरून येणारे गोडे पाणी मिळाले नाही, तर केवळ संरक्षणाचा फलक लावून तो वाचणार नाही. डोंगरावरील जाती थंडाव्याच्या शोधात वर सरकू पाहतील, त्यांच्या वाटेत अखंड वनाचे पट्टे शिल्लक असले पाहिजेत. एकाच वयाची व एकाच जातीची लागवड कीड, आग व अवर्षण ह्यांना लवकर बळी पडते. नैसर्गिक पुनरुत्पत्तीने वाढलेले मिश्र वन अधिक चिवट असते. म्हणजे जे वन आपले रक्षण करण्यास अधिक समर्थ, तेच स्वतःचे रक्षण करण्यासही अधिक समर्थ, असा हा योग आहे.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशाच्या २१.७६ टक्के भूमीवर वनाच्छादन आहे. हा आकडा आपण समाधानाने उद्धृत करतो. परंतु ह्या मोजणीत एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावरील दहा टक्के किंवा त्याहून अधिक छत्र असलेली सर्व वृक्षराजी धरली जाते. तीत फळबागाही येतात आणि लागवडीही येतात. मोजणीची ती एक पद्धत आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्या आकड्यावरून झऱ्याचे, किनाऱ्याचे किंवा मोहाच्या झाडाचे वर्तमान कळत नाही. शंभर वर्षांचे नैसर्गिक वन एका खाणीसाठी किंवा रस्त्यासाठी देऊन त्याची ‘भरपाई’ दुसऱ्या जिल्ह्यातील रोपांनी करता येते, असे जेव्हा कागदावर ठरते, तेव्हा त्या वनाच्या आडोशाने जगणाऱ्यांची भरपाई कोठे झाली, हे विचारण्याचे कर्तव्य नागरिक म्हणून आपल्यावर पडते.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या गावात, जिल्ह्यात किंवा राज्यात वृक्षारोपणाची अथवा वनतोडीची योजना पुढे येईल, तेव्हा किती झाडे एवढेच न विचारता ते तीन प्रश्न विचारावेत. ही वनस्पती ह्या भूमीची आहे काय? हे वन जेथे उभे आहे, तेथे ते कोणाचे पाणी, किनारा किंवा भाकर सांभाळत आहे? आणि ज्यांना ते सांभाळते, त्यांचा त्याच्या राखणीत अधिकार आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. त्या त्या ठिकाणच्या वृद्ध स्त्रीपुरुषांशी बोलण्याची तयारी लागते. हवामानाचा जागतिक प्रश्न जागतिक परिषदांत सुटेल तेव्हा सुटो. तोवर येणारा प्रत्येक पावसाळा, प्रत्येक उन्हाळा आणि प्रत्येक वादळ कोणत्या तरी एका गावावरून जाणार आहे, आणि त्या गावाच्या वरच्या उतारावर किंवा समोरच्या किनाऱ्यावर त्या दिवशी काय उभे असेल, हे ठरविणे पुष्कळसे आपल्याच हाती आहे.